मिरचीच्या नावावर

आमच्या घरात कुणाला सर्दी होत नसे. खालच्या मजल्यावर आप्पांचं मिरची कांडप आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही, अशी आमची मंगळवार पेठेतली राहणी होती. कुणाचं नाक चोंदलं की आई म्हणायची, खाली जाऊन दोन मिनिटं उभी राहा जा. पाहुणे मात्र जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच शिंकायला लागायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी काम आठवून निघून जायचे. आप्पा सांगत, आमच्याकडे पाहुणा टिकत नाही तो माझ्या स्वभावामुळे नव्हे, संकेश्वरी मिरचीमुळे. आईचं मत वेगळं होतं, पण ती ते बोलून दाखवत नसे.

चार लोखंडी मुसळं एकाआड एक वर जायची आणि उखळात पडायची. सकाळी आठाला मोटर सुरू झाली की दिवेलागणीपर्यंत तोच धपधप आवाज. फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे, ताटातलं पाणी हलायचं, आणि मी अभ्यासाला भिंतीला टेकून बसले की पाठीला कुणीतरी थोपटतंय असं वाटायचं. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय होती की वीज जाऊन यंत्र थांबलं की आई दचकून खाली डोकवायची. त्या आवाजावर मात करत बोलायचं म्हणून आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलत. आप्पांना तर हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. देवळात हात जोडून त्यांनी देवीला काय मागितलं ते मागच्या चार माणसांना कळायचं. आईला त्यांनी रात्री सांगितलेलं गुपित सकाळी पानपट्टीवाला मला विचारायचा.

होळी झाली की हंगाम सुरू. मग दारापासून बोळाच्या तोंडापर्यंत बायकांची रांग लागायची. प्रत्येकीसमोर तिचा डबा, डब्यात तेलावर परतलेली मिरची, वेगळ्या पातेल्यात भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, खसखस, तळलेला कांदा, सोललेला लसूण. कुणाच्या चटणीत किती लसूण आहे यावरून तिच्या घरची परिस्थिती कळते असं आई म्हणे. पहिली मिरची कुटून लाल भुगा झाला की त्यात मसाला, मग कांदा-लसूण पडायचं आणि कोरड्या खमंग वासाचा ओला, जड वास व्हायचा. मी शाळेतून आले की आई गरम भाकरी, त्यावर चिमूटभर ताजी चटणी आणि वरून तेलाची धार असं हातावर ठेवायची. आज मी सत्तरी ओलांडली आहे, डॉक्टरांनी तिखट सोडायला सांगितलं आहे, आणि मी सोडलं आहे असं त्यांना सांगते.

यंत्रावर गंगूमावशी असायच्या. उंच, काटक, तोंडावर ओढणीसारखं घट्ट बांधलेलं पांढरं फडकं. उखळातली मिरची दांडक्यानं सारखी करायची, कुटलेली चाळायची, जाडी भरड परत उखळात टाकायची, हे काम त्या मी जन्मण्याआधीपासून करत होत्या. त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्या कपाळाला कुंकू आणि दाराला लिंबू लावत नसत. काही बायका रांगेत उभ्या राहून कुजबुजायच्या, आमची चटणी तिच्या हातची नको. हे आप्पांच्या कानावर गेलं की ते त्या बाईचा डबा उचलून तिच्या हातात द्यायचे आणि बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्या कांडपाचा पत्ता सांगायचे. मावशी तिकडे बघतही नसत, चाळत राहायच्या. मला त्यांचा धाक वाटायचा आणि त्या एक दिवस आल्या नाहीत तर करमायचं नाही.

मी मॅट्रिकच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. ताईचं लग्न होऊन ती त्याच वर्षी सासरी गेली होती. शाळा नुकतीच उघडली होती, हंगाम संपत आला होता, आणि एका दुपारी मी बायकांचे नंबर पुकारत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. अचानक छातीत काहीतरी घसरल्यासारखं झालं. मग काळीज असं उडायला लागलं की मुसळांचा आवाज त्याच्यात बुडाला. श्वास घेतला तर पुरेना, म्हणून आणखी घेतला, तोही पुरेना. ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटं वाकडी होऊन आखडली, समोरची रांग काचेपलीकडे गेल्यासारखी लांब दिसू लागली, आणि मला कळलं की मी आता मरणार. वाटलं असं नव्हे, कळलं. हा फरक ज्याला कधी हे झालेलं नाही त्याला समजावून सांगता येत नाही, आणि ज्याला झालंय त्याला सांगावा लागत नाही. मी पायरीवर बसले. बायका धावल्या. कुणी म्हणालं, पोरीला खकाणा लागला. मिरचीची बारीक धूळ उडते तिला आमच्याकडे खकाणा म्हणतात. कुणी गूळ तोंडात घातला, कुणी ताक आणलं. आप्पांनी मोटर बंद केली आणि मला उचलून वर नेलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं आणि मी धुतलेल्या फडक्यासारखी होऊन झोपले.

त्यानंतर ते येतच राहिलं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. आईनं दृष्ट काढायला सुरुवात केली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकायच्या, आणि ठसका आला नाही तर दृष्ट लागली होती असं समजायचं. आता आमच्या घरात मिरचीचा ठसका कुणाला येणार? त्यामुळे दर वेळी दृष्ट लागलेलीच निघायची आणि आई समाधानानं राख झाडायची. शेजारच्या पारूआक्कांनी देवऋषाचं सुचवलं, पोरीला बाहेरचं काही असेल म्हणाल्या. तेव्हा खालून मावशी चाळता चाळता एवढंच बोलल्या, "आमी त्ये सगळं सोडलं वैनी. काय बिघडलं न्हाय आमचं." आईनं तो विषय तिथंच मिटवला. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितली आणि छाती स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. आप्पांना ते पटलं नाही. घरी येताना ते म्हणाले की जिचा जन्म मिरचीत गेला तिची छाती स्वच्छ कशी असेल.

खरं काय आहे ते मला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच कळलं होतं. शाळेत प्रार्थनेला उभी असताना मला ते झालं होतं, आणि शाळेत मिरचीचा वासही नव्हता. पण बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, आमचं कांडप आहे, माझ्या छातीत मिरची बसलीय. बाईंनी मान हलवली. किती सोपं होतं ते. आमच्या मागच्या आळीत विमल नावाची मुलगी होती, तिला सासरहून परत पाठवलं होतं. तिला काय होत होतं कुणास ठाऊक, पण सगळी पेठ म्हणायची, डोक्यानं अधू आहे. ती गच्चीवर केस वाळवायला आली तरी बायका पोरांना आत बोलवायच्या. माझं खरं बाहेर आलं तर मीही गच्चीवरची विमल होणार, ही भीती मला त्या मरणाच्या भीतीहून मोठी वाटायची. त्यापेक्षा मिरची बरी. मिरचीपायी कुणाचं लग्न मोडत नव्हतं.

परीक्षा झाल्यावर आप्पांनी मला हवापालटाला बिद्रीला माझ्या सख्ख्या मावशीकडे, आईच्या धाकट्या बहिणीकडे पाठवलं. तिचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात कारकून होते. उसाची गाडीवाट, संध्याकाळी मळीचा आंबूस वास, अंगणात रायवळ आंब्याचं झाड आणि कमालीची शांतता. मिरचीचा कण नाही. तिसऱ्याच दिवशी मी आंघोळीला पाणी काढत होते तेव्हा ते आलं. मी न्हाणीचं दार लावून घेतलं, बादलीला धरून बसले, आणि मावशीनं हाक मारली तेव्हा तोंडात साडीचा बोळा कोंबून घेतला. महिनाभरात सहा वेळा झालं. न्हाणीत, गोठ्यात, एकदा मावशीच्या तान्ह्या पोराला मांडीवर घेतलेलं असताना. ते पोर माझ्याकडे बघून हसत होतं आणि मी त्याला पडू न देता मरायचं कसं याचा विचार करत होते. मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. मी परतताना तिनं आप्पांसाठी माझ्याकडे चिठ्ठी दिली, पोरीला इथं एकदाही त्रास झाला नाही, हवा मानवली.

आप्पांनी मला स्टँडवर विचारलं, खरंच एकदाही नाही? मी म्हणाले, नाही. त्यांचा चेहरा मला आत्ता हे लिहितानाही दिसतो. आनंद झाला होता आणि त्यात काहीतरी तुटलंही होतं. घरी आल्यावर आईकडून कळलं. आप्पांनी यंत्र विकायचं ठरवलं होतं. इचलकरंजीचे एक गृहस्थ, कापड विणायच्या लूमवरची नोकरी सोडून घरचा धंदा काढायच्या विचारात होते, त्यांच्याशी कुणाच्या तरी ओळखीनं बोलणं झालं होतं. आप्पा फक्त माझ्या बिद्रीच्या निकालाची वाट बघत होते. आता तो लागला होता. सोमवारी सकाळी ते गृहस्थ ट्रक घेऊन येणार होते. आप्पा बाजारात कुणाच्या तरी दुकानात दिवाणजी म्हणून बसणार होते. ज्यांचं देवीपुढचं मागणंही सगळ्या देवळाला ऐकू जायचं ते आप्पा दुसऱ्याच्या गादीच्या कडेला बसणार. मी आईला विचारलं, आणि गंगूमावशी? आई म्हणाली, त्यांना आप्पांनी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पोरीपेक्षा यंत्र मोठं न्हाय मालक. एवढंच बोलल्या आणि चाळायला लागल्या.

शनिवारी दुपारी मी खाली गेले. जेवणाच्या सुट्टीची वेळ होती, यंत्र थांबलं होतं, आप्पा वर जेवत होते. मावशी पोत्यावर बसून चटणी-भाकरी खात होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनीच भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता सुरुवात केली.

"शालन, खकाणा लागलेलं मानूस मी रोज बगतो. त्याच्या नाकातनं, डोळ्यातनं पानी वाहतंय. खोकून खोकून बेजार हुतंय त्ये." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझं डोळं कोरडं असत्यात."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे? त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. मी म्हणाले, मग आप्पांना सांगितलं का नाही, तुमचं काम जातंय ना? त्यांनी हात धुतले, फडक्याला पुसले आणि म्हणाल्या की ज्याची गोष्ट त्यानं सांगायची असते, दुसऱ्यानं सांगितली की ती चहाडी होते. मला वाटलं होतं आता त्या रागावतील. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायला लागले, आणि रडता रडता श्वास चुकला, आणि ते आलं. तेव्हा मावशींनी मला गूळ दिला नाही की पाठ चोळली नाही. त्यांनी चाळण उचलून माझ्या हातात दिली, कडा धरायला लावल्या.

"नवीन बाई चाळाय बसली आन् धुरळा उडला, की ती काय करती? घाबरून हाऽ करून श्वास वढती. मग गुदमारती. जेवडा वढंल तेवडं जास्त. आमी आदी भाईर सोडतो. हळू, फुंकणीतनं फुंकल्यागत. आतला आपसूक येतोय, त्याला बलवाय लागत न्हाय. सोड बगू."

मी सोडला. पुन्हा सोडला. त्या शेजारी बसून माझ्यासोबत फुंकत होत्या, फडक्यातून, चाळण इकडून तिकडे हलवत. किती वेळ गेला माहीत नाही. मग बोटांच्या मुंग्या कमी झाल्या. काळीज धावत होतं, पण या खेपेला ते मला आपल्यासोबत ओढत नेत नव्हतं. मावशी म्हणाल्या, आलतं, गेलं. मग भांडी घासायला उठल्या. मुसळं सुरू व्हायची वेळ झाली होती.

या गोष्टीला पॅनिक अटॅक असं नाव आहे हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. तेव्हा मी शिक्षिका होते, दोन मुलांची आई होते. एका डॉक्टर बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं की शरीर खोटी आरोळी ठोकतं, घाबरून माणूस भराभर श्वास ओढतो, जास्त ओढल्यामुळेच ओठ-बोटं बधिर होतात आणि चक्कर येते, त्यानं भीती वाढते, आणि भीतीनं पुन्हा श्वास. त्यांनी गोळ्याही दिल्या, काही वर्षं घेतल्या, उपयोग झाला, आणि ज्यांना लागतात त्यांनी लाजू नये असं माझं म्हणणं आहे. मग त्या म्हणाल्या, आता मी तुम्हाला श्वास सोडायची एक रीत शिकवते. मी त्यांना शिकवू दिली. त्यांचा उत्साह मोडवेना. पण गंगूमावशींनी मला हे शिकवलं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि त्या जे सांगत होत्या ते त्यांच्या छातीनं वीस वर्षं मिरचीत बसून शोधून काढलेलं होतं, हे मला त्या दिवशी दवाखान्यात कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं होतं. हे का सुरू झालं ते मात्र मला आजही माहीत नाही. ताई गेली म्हणून, मॅट्रिक होतं म्हणून, की काहीच नाही म्हणून. कारण शोधण्यात मी फार वर्षं घालवली. ती वाया गेली असं नाही म्हणणार, पण चटणी तेवढ्यात पुष्कळ करून झाली असती.

रविवारी आप्पा खाली एकटेच होते. यंत्र द्यायचं तर पुसून द्यावं म्हणून त्यांनी उखळं धुतली होती, फरशी घासली होती आणि खोबरेल लावलेल्या फडक्यानं ते एकेक मुसळ पुसत होते. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा, मला मिरचीनं होत न्हाय." वाक्य पुरं झालं आणि ते आलंच. आप्पांनी फडकं टाकलं आणि सवयीनं खिडकी उघडायला धावले. खिडकी आधीच उघडी होती. त्यांनी उखळात बघितलं, फरशीकडे बघितलं. कुठंही मिरची नव्हती. मग ते माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले. मी पायरीवर बसून फुंकायला लागले. मावशी नव्हत्या, चाळण नव्हती, मी गुडघे धरले होते. थोड्या वेळानं बघते तर आप्पाही ओठांचा चंबू करून फुंकत होते. लहान पोराला भरवताना आपलंही तोंड उघडतं तसं. त्यांना ते कळलेलंही नव्हतं.

ओसरल्यावर मी सगळं सांगितलं. शाळेतलं, बिद्रीच्या न्हाणीतलं, चिठ्ठीतलं खोटं. आप्पा उकिडवे बसले होते. त्यांनी विचारलं, मग कशानं हुतंय. मी म्हणाले, भ्या वाटतं. "कुणाचं? नाव सांग," असं म्हणत ते उठलेसुद्धा, हातात मुसळ पुसायचं फडकं घेऊन, जणू बोळात जाऊन त्या माणसाची गचांडी धरायची होती. मी म्हणाले, कुणाचं नाही आप्पा. कशाचंच नाही. नुसतं येतं. ते पुन्हा बसले. मग ते बोलले ते इतक्या हळू की मी त्यांचा तसा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"मग आता मी बंद काय करू?"

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आमच्यात तशी रीत नव्हती. मी म्हणाले, काही बंद करू नका. आणि त्यांच्या हातातलं फडकं घेऊन उरलेलं मुसळ पुसायला लागले. त्यांनी दुसरं टोक धरलं.

सोमवारी सकाळी मावशी आल्या, आप्पांनी त्यांना मोटर सुरू करायला सांगितली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला फडकं बांधलं. हंगामाचे शेवटचे दिवस होते, दहा-बारा बायका रांगेत होत्या, पारूआक्काही होत्या. नऊच्या सुमाराला ट्रक बोळाच्या तोंडाशी थांबला. इचलकरंजीचे गृहस्थ चाळिशीचे, भरदार मिशांचे, अंगावर स्वच्छ पांढरा शर्ट. यंत्र चालू बघून ते दारातच थबकले. आप्पांनी आत या म्हटलं तर म्हणाले, हितनं दिसतंय की. चहाही त्यांनी उंबऱ्याबाहेर उभ्यानं घेतला. मला वाटलं मिरचीला भितात. आप्पांनी यंत्र देत नसल्याचं सांगितलं. त्यावर ते चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. एवढ्या लांबनं ट्रक आणलाय, शब्द दिला होता, मग कारण तरी सांगा म्हणाले.

मी जिन्यात उभी होते. आप्पा काहीतरी सांगतील अशी माझी अटकळ होती. आईची तब्येत, भाऊबंदांचा विरोध, काहीही. पण आप्पांना आदल्या दिवशीचा तो हळू आवाज एका दिवसापुरताच मिळाला होता.

"पोरीला माज्या भ्याचं झटकं येत्यात पावणं," ते मुसळांच्या वरताण आवाजात म्हणाले. "आमाला वाटलं मिरचीनं. मिरचीनं न्हाय. भ्या वाटतंय तिला, आन् मग जातंय. ताप येतोय तसं. मग यंत्र कशाला इकू मी?"

पारूआक्कांचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. वर्षभर मी जे तोंडात बोळा कोंबून लपवलं ते आप्पांनी बोळाच्या दोन्ही टोकांना वाटून टाकलं होतं, आणि तेही ताप, खोकला, पोटदुखी सांगावी तसं. मी वर पळणार होते. पण बायकांपैकी कुणीच पोरांना आत बोलावलं नाही. पुढची बाई म्हणाली, मालक, माझा नंबर कितवा? आणि आप्पांनी मला हाक मारली, शालू, नंबर बघ गं. मग मला खाली उतरावंच लागलं.

चिठ्ठ्या हातात घेऊन मी दाराशी आले तेव्हा ते गृहस्थ अजून तिथंच होते. रिकामी कपबशी हातात, श्वास भराभर चाललेला, पण डोळे कोरडे. आप्पा आत वळल्याचं बघून ते माझ्याजवळ आले. आमच्या बोळात कुणी बोलत नसे एवढ्या बारीक आवाजात बोलले.

"मला हुतंय त्ये. शेडात लूमवर हुयाचं, म्हनून नोकरी सोडली. घरात सांगितलंय, कापसाचा धुरळा सोसंना." त्यांनी एकदा आत आप्पांकडे बघून घेतलं. "सुटतंय का ते, बाळ?"

माझ्या बापाच्या वयाचा माणूस. तोपर्यंत मला वाटायचं की जगात मी आणि मागच्या आळीतली विमल एवढ्याच आहोत. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सांगावं असं मनात आलं, आणि खोटं बोलण्यात मी वर्षभर चांगली तयारही झाले होते.

"न्हाय," मी म्हणाले. "पर जातंय. दर खेपेला जातंय."

मग त्यांनी कपबशी उंबऱ्यावर ठेवली, ट्रकवाल्याला हात करून थांबायला सांगितलं, आणि त्या बायकांच्या रांगेत, शेवटच्या डब्याशेजारी मांडी घालून बसले. मी आत जाऊन मावशींना सांगितलं, बाहेर एकाला फुंकायला शिकवायचंय. त्यांनी चाळण खाली ठेवली आणि बाहेर आल्या.